अंगावर काढलेलं

माझं काम पाय बघण्याचं.
सव्वीस वर्षं मी या तरणतलावाच्या शॉवरखोलीत उभी आहे.
ओल्या फरशीवर कोण घसरतंय,
कोण साबण न लावताच
गरम कुंडाकडे पळतंय, एवढंच बघायचं.
त्याच्या वर नजर न्यायची नाही,
हा नियम भिंतीवर लिहिलेला नाही, पण आहे.

फ्योर्डच्या तळाशी आमचं गाव.
नोव्हेंबर सरता सरता डोंगर सूर्य गिळतात
आणि जानेवारीच्या शेवटी परत देतात.
त्या दिवशी घरोघरी पॅनकेक.
मधल्या काळात आम्ही सगळ्याजणी
सोललेल्या बटाट्यांसारख्या.

फक्त स्टेनवोर तेवढी सावळत चालली होती.

"तेनेरीफला जाऊन आलीस वाटतं?"
कुंडात मानेपर्यंत बुडालेल्या बायका विचारायच्या.
ती खारवलेल्या कॉडच्या कारखान्यात.
म्हणायची, "मासे जातात दक्षिणेला. मी इथेच."
सगळ्या हसायच्या. तीही,
आणि हसता हसता बोटं चाटायची.
कोटाच्या खिशात खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या,
आणि घरी म्हणे बरणीतलं लोणच्याचं पाणी उभ्याउभ्या पिते,
हे तिच्या बिर्किरने खिडकीशी सुट्टे पैसे मोजताना सांगितलं,
गंमत म्हणून.
आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर म्हणाला होता,
हिवाळा आहे, अंधाराने थकवा येतो,
दिव्यासमोर बसत जा.

डिसेंबरात एकदा ती केस धुताना बाकावर बसली.
जन्मभर उभ्याने धुणारी बाई.
मी टॉवेल घेऊन गेले
आणि नियम मोडला.

खांद्यावर पट्ट्याची खूण नव्हती.
ऊन कितीही लागलं तरी कपड्यांना विचारून लागतं,
काठ सोडतं, हद्द पाळतं.
या रंगाला हद्द नव्हती.
उन्हाळ्यात सुरी लागून झालेला व्रण,
इतरांचा पांढरा पडतो,
हिचा कॉफी सांडल्यासारखा.
तळहाताच्या रेषा कुणी पेन्सिलीने गिरवलेल्या.
"काय गं?" म्हणून तिने वर पाहिलं,
तेव्हा हिरडीवर शाईचा ठिपका.

दुखणं अंगावर काढतात बायका, मीही काढलंय.
पण इथे दुखणंच काढत बसलं होतं काहीबाही,
वाफाळल्या काचेमागे बसून पोराने बोटाने काढावं तसं.
आतून लिहिलेलं बाहेरून उलटं दिसतं.
वाचायला वेळ लागतो.

एका मार्चमध्ये ऑस्नीचे डोळे मला पिवळे दिसले होते.
वाटलं, दिवा पिवळा आहे.
मी दिवा बदलून घेतला.
जूनमध्ये तिला पुरलं.

"स्टेनवोर, तू खरंच कुठे गेली नव्हतीस ना?"
"तुला ठाऊक आहे की."
"मग हा रंग आतून आलाय."

तिने माझ्या हातातून टॉवेल ओढून घेतला.
तीन आठवडे फिरकली नाही.
मी मनात म्हटलं, झालं,
आता गावभर होणार, म्हातारी बघते.

मग कळलं, मिठाच्या ढिगाशेजारीच कोसळली ती.
छोट्या विमानाने राजधानीला नेली.
जाताना शुद्धीत होती तेवढ्यात तिथल्या डॉक्टरला म्हणाली म्हणे,
आमच्या तलावावरची बाई म्हणते, हा रंग आतला आहे.
मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी,
सुकल्या होत्या.
अंगात मीठ धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं;
आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मीठ उपसलेली बाई
आतून अळणी.

सूर्य परत आला त्या दिवशी ती आली.
बोटांना पॅनकेकचा वास.
खिडकीवर दोन्ही हात ठेवले, उताणे.
रेषा अजून होत्या,
खोडरबर फिरवूनही राहतात तितक्या.
"गोळ्या. रोज. ताप आला की दुप्पट," ती म्हणाली.
आणि मी खाली बघतेय हे पाहून,
"बघ ना. बघ नीट."

मी पाहिलं.
मग तिला सतराची किल्ली दिली,
सतराचं दार जरा जोराने ओढावं लागतं,
तेवढं सांगितलं.